गिझर सातव्या मिनिटाला विझतो आणि सासूबाईंना चक्कर येते

प्रश्न : आमचा गॅस गिझर पाच वर्षांचा आहे, बाथरूमच्या आतच भिंतीवर बसवलेला. थंडी सुरू झाल्यापासून त्याने नुसता छळ मांडलाय. बादलीच्या नळाला पेटतो, पण शॉवर सोडला की बऱ्याचदा पेटतच नाही. कधी नुसतं टक-टक वाजत राहतं. पेटलाच तर सहा-सात मिनिटांनी आपोआप विझतो, नेमका अंगाला साबण लावलेला असताना. पाणीही पूर्वीसारखं कढत येत नाही. सेल बदलून झाले, मेकॅनिक दोनदा येऊन गेला. तो म्हणतो, आतला सेन्सर बायपास केला की विझणं थांबेल. करून घेऊ का? की नवाच घ्यावा? आणि यातलं घरच्या घरी काय काय तपासता येईल?
ता. क. सासूबाई सगळ्यांच्या शेवटी आंघोळ करतात. गेल्या पंधरवड्यात दोनदा त्या चक्कर येऊन बाथरूममध्येच खाली बसल्या आणि मग दिवसभर डोकं दुखत होतं. वयामुळे गरम पाण्याने असं होतं का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्राला मी शेवटून उत्तर देतो. तुम्ही ताजा कलम म्हणून जे लिहिलंय, तेच या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं आहे. आधी एवढं करा. दुरुस्ती होईपर्यंत गिझर चालू असताना दार लावून कुणीही आंघोळ करायची नाही. दार आणि खिडकी सताड उघडी ठेवून बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा, गॅसचा कॉकही बंद करा, दहा मिनिटं आतली हवा मोकळी होऊ द्या आणि मग आत जा. सासूबाईंना शेवटी ठेवू नका, सगळ्यांच्या आधी जाऊ द्या. सेन्सर बायपास करायला तर अजिबात हो म्हणू नका. का, ते सांगतो.

वयस्कर माणसाला कढत पाण्याने चक्कर येऊ शकते, हे खरं आहे. रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब थोडा उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. पण ही चक्कर बाहेर येऊन जरा आडवं पडलं की ओसरते. दिवसभर डोकं ठणकणं तिच्यात बसत नाही. त्यात त्या शेवटी आत जातात, म्हणजे बाकीच्यांच्या आंघोळीत गिझरने वापरून टाकलेली हवा त्यांच्या वाट्याला येते. आणि तिसरी खूण तुम्ही स्वतःच दिलीय : गिझर सातव्या मिनिटाला विझतो. ही तीन टोकं एकत्र बांधली की मला कार्बन मोनॉक्साइडची दाट शंका येते.

गॅस पुरेशा हवेत जळला तर कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. हवा कमी पडली किंवा बर्नर तुंबलेला असला, की जळणं अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, घशात खवखव नाही. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, म्हणून गळती नाकाला कळते. पण तो वास ज्योतीत जळून जातो. जळल्यानंतर जे तयार होतं त्याची नाकाला काही खबर लागत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायांतलं बळ जातं. माणसाला कळतं की काहीतरी बिनसलंय, पण उठून कडी काढण्याइतकी ताकद उरत नाही. मला सगळ्यांत भीती वाटते ती याच टप्प्याची. सासूबाई दोन्ही वेळा खाली बसल्या, आणि कुणीतरी वेळेवर दार उघडलं असणार.

तुमच्या बाथरूमचा हिशेब मांडून बघू. माप तुम्ही दिलेलं नाही, म्हणून ४ फूट बाय ६ फूट आणि उंची ८ फूट धरतो. आत हवा झाली साधारण साडेपाच घनमीटर. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गिझर मिनिटाला साधारण १६ ग्रॅम गॅस जाळतो. १ किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते, म्हणजे मिनिटाला झाली दोनशे लिटर हवा. दहा मिनिटांत दोन घनमीटर. आणि हवा संपेपर्यंत थांबावंही लागत नाही. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, तो १८ च्या आसपास उतरला की ज्योत बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. खोली पूर्ण बंद धरली, तर तिथवर पोचायला चार मिनिटंही लागत नाहीत. प्रत्यक्षात दाराच्या फटीतून थोडी हवा येत राहते, म्हणून तुमच्याकडे सहा-सात मिनिटं लागत असावीत.

आणि तेवढ्यात गिझर विझतो, कारण काही गिझरांमध्ये ऑक्सिजन कमी झाल्याचं ओळखून गॅस तोडणारा सेन्सर असतो, आणि मेकॅनिक जो बायपास करू म्हणतोय तो बहुधा तोच असणार. म्हणजे ज्याला तुम्ही बिघाड समजताय, ते त्या यंत्राचं काम असू शकतं. अंगाला साबण असताना पाणी गार होतं, त्याचा राग येणं साहजिक आहे. पण तो सेन्सर काढला की गिझर आठव्या, दहाव्या, पंधराव्या मिनिटालाही जळत राहील आणि तेव्हा आत कुणीतरी असेल.

मी गिझरच्या दुरुस्तीत बरीच वर्षं काढली. एका घरी हीच तक्रार होती, पाच मिनिटांत विझतो. माझ्याआधी तिघं जण येऊन गेले होते. सेल नवे, कंट्रोल बॉक्स नवा, गॅसचा व्हॉल्व्हसुद्धा नवा. मी झाकण काढलं, सगळं चकचकीत. मग मान वर केली तर खिडकीच्या तिन्ही काचपट्ट्यांवर प्लास्टिकचा कागद, चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद केलेला. थंड वारा येतो म्हणून घरच्यांनी लावला होता. त्यांच्या परवानगीने तो फाडला, दार उघडं ठेवलं, नळ सोडला आणि घड्याळ लावून बसलो. गिझर पूर्ण वीस मिनिटं चालला. तेव्हापासून मी कुठेही गेलो तरी हत्यारांची पिशवी उघडायच्या आधी खिडकी बघतो.

तुम्हीही हीच चाचणी घ्या. दार-खिडकी पूर्ण उघडी, आत कुणी नाही, गरम नळाखाली बादली, आणि तुम्ही दाराबाहेर घड्याळ घेऊन. गिझर सातव्या मिनिटाच्या पुढे व्यवस्थित चालला, तर दोष हवेचा. उघड्या दारातही तेवढ्याच वेळात विझला, तर कारण वेगळं, त्याच्याकडे पुढे येतो. दार बंद करून उलटी चाचणी मात्र कुणी घेऊ नये, ‘बघूया खरंच विझतो का’ म्हणूनसुद्धा नाही. आणखी एक : बऱ्याच मॉडेलांत सलग २० मिनिटांनी गिझर बंद करणारा टायमर असतो. तेव्हा विझला तर तो बिघाड नाही. नळ बंद करून पुन्हा सोडला की पेटतो.

चाचणी चालू असताना गिझरच्या छोट्या खिडकीतून ज्योत बघा. ती निळी, बुटकी आणि एका रांगेत शांत उभी असायला हवी. पिवळी, लांबट, लवलवणारी असली किंवा एका कोपऱ्यात निळी आणि दुसऱ्या कोपऱ्यात पिवळी असली, तर बर्नर धूळ, जाळी-जळमटं किंवा गंजाने तुंबलाय. झाकणाच्या वरच्या कडेला काळा डाग पडला असेल तर ती काजळी आहे, आणि ती आजकालची नसते. मला तुमच्याकडे पिवळी ज्योत दिसेल असं वाटतं. सेन्सर काम करत असूनही सासूबाईंना त्रास झालाय, आणि ऑक्सिजनचा सेन्सर ऑक्सिजनच मोजतो, कार्बन मोनॉक्साइड त्याला कळत नाही. बर्नर घाण असला तर हवा पुरेशी असतानाही विषारी वायू तयार होतो. म्हणून सेन्सर आहे एवढ्यावर विसंबून चालणार नाही. ज्योत पिवळी दिसली तर गिझर तिथेच बंद करा आणि बर्नर साफ होईपर्यंत पेटवू नका. ती साफसफाई मेकॅनिकची, तुमची नाही. गॅसच्या बाजूचा एकही स्क्रू घरी उघडायचा नाही.

मध्यंतरी तुम्ही सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर किंवा उलट गेला असाल, तर तेही मेकॅनिकला सांगा. दोन्ही गॅसची नोझलं वेगळी असतात. गिझर तोच ठेवून गॅस बदलला तर ज्योत कधीच नीट बसत नाही.

सासूबाईंना डॉक्टरांकडे न्या, आणि ‘चक्कर येते’ एवढंच सांगू नका. ‘बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता’ हे वाक्य आवर्जून बोला. हे कळल्याशिवाय डॉक्टर साहजिकच रक्तदाब, साखर, मणका यांच्या मागे जातील. पंधरा दिवसांपूर्वीचा वायू आता रक्तात सापडणार नाही, साध्या हवेत चार-सहा तासांत तो निम्मा होतो आणि एक-दोन दिवसांत जवळपास संपतो. पण हृदयावर ताण आला का, हे बघायला हवं. काही जणांना मधे बरं वाटून काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरायला होतं, चालताना तोल जातो, स्वभाव बदलल्यासारखा वाटतो. असं काही जाणवलं तर तेही सांगा.

पुन्हा कधी कुणाला आत असं झालं, तर आधी दार-खिडकी उघडा, त्या माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि थेट दवाखाना गाठा. काही जणांना फिट आल्यासारखे झटकेही येतात. घरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजनचंच वाटतं. माणूस गुदमरत असतानाही ते ९८ दाखवू शकतं. रक्ताची वेगळी तपासणी असते, ती लगेच झाली तर कळतं.

आता बाकीच्या तक्रारींकडे वळतो. गरम नळ सोडल्यावर आत क्रमाने काय होतं ते लक्षात ठेवलं, तर निम्म्या बिघाडांचं मूळ तुम्हाला स्वतःला सापडेल. पाणी गिझरच्या खालच्या व्हॉल्व्हमध्ये शिरतं. तिथे रबरी डायफ्रॅम असतो, पाण्याच्या जोराने तो फुगतो आणि एक पिन पुढे ढकलतो. पिनने छोटा स्विच दाबला जातो. सेलवर चालणारा बॉक्स जागा होतो, टक-टक ठिणगी देतो आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. भप्प करून बर्नर पेटतो. मग एक काडी ज्योतीत बसून बॉक्सला सांगत राहते की ज्योत आहे. ती निरोप द्यायची थांबली, की बॉक्स गॅस तोडतो. तेव्हा गिझर बिघडला म्हणजे ही साखळी कुठल्या कडीपाशी तुटली, एवढंच शोधायचं.

शॉवरला पेटत नाही आणि बादलीला पेटतो, इथे साखळी पहिल्याच कडीपाशी अडलीय. पाण्याला जोर नाही. पाण्याचा पृष्ठभाग १० मीटर उंच असला तर खाली १ बार दाब मिळतो. टाकी तुमच्या डोक्यावर फक्त ३ मीटर असेल तर ०.३ बार. किती कमी दाबावर गिझर पेटेल ते त्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, आणि टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर हा दाब काठावरच असतो. बादलीचा नळ जमिनीपासून हात-दीड हात वर, शॉवर डोक्याच्याही वर. या दीड मीटरने काठावरचा दाब काठाखाली जातो. त्यात शॉवरची भोकं क्षाराने बुजलेली असली की संपलंच. शॉवरची चाळणी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. मोठी भोकं असलेली साधी चाळणी लावली तर फरक पडतो.

मग गिझरकडे येणाऱ्या थंड पाण्याच्या जोडणीतली जाळी. ही जाळी असते हेच बऱ्याच घरांना ठाऊक नसतं. गॅस बंद करा, सेल काढा, पाण्याचा कॉक बंद करा, गरम नळ सोडून उरलेलं पाणी काढून टाका आणि जोडणीचा नट पान्याने सोडवा. आत अंगठ्याच्या नखाएवढी गोल जाळी दिसेल. पाच वर्षांत एकदाही काढली नसेल, तर तिच्यावर वाळूचे तांबूस कण, पाइपातले गंजाचे पापुद्रे आणि धाग्यासारखी शेवाळी मिळून एक चिकट बिल्ला झालेला असतो. तो चिमटीने सोलून निघतो. जाळी धुऊन उजेडासमोर धरा, सगळी छिद्रं दिसली पाहिजेत. परत बसवताना रबरी वॉशर जागेवर आहे ना बघा. मी निम्म्याहून अधिक वेळा फक्त एवढंच करून परत आलोय आणि घरच्यांना वाटायचं, काहीतरी मोठं दुरुस्त झालं.

शॉवरच्या बाबतीत एक सवयही आडवी येते. पाणी फार कढत वाटलं की आपण मिक्सरवर थंड पाणी मिसळतो. थंडाचा ओघ वाढला की गिझरमधून जाणारा ओघ कमी होतो, डायफ्रॅम बसतो आणि गिझर विझतो. मग अचानक थंड पाणी, घाईने थंड बंद, गिझर पुन्हा पेटला आणि पाणी एकदम कढत. हा खेळ टाळायचा तर गरम नळ पूर्ण सोडा आणि ऊब गिझरवरच्या ज्योतीच्या बटणानेच कमी-जास्त करा.

हे सगळं करूनही नळ सोडल्यावर काहीच आवाज येत नसेल, तर डायफ्रॅम कडक झालाय किंवा त्याला टाचणीएवढं भोक पडलंय. पाच वर्षांत रबराचं असं होतंच. व्हॉल्व्हखालून थेंब-थेंब गळत असेल तर शंका नको. हा भाग मेकॅनिक अर्ध्या तासात बदलतो. उलट, नळ बंद केल्यावरही ज्योत जळत राहिली तर पिन अडकलीय आणि ते धोक्याचं आहे. तिथे हात आधी गॅसच्या कॉककडे गेला पाहिजे. मग गरम नळ सोडून आतलं उकळतं पाणी वाहू द्यायचं आणि पिन सुटेपर्यंत गिझर वापरायचा नाही.

नुसतं टक-टक वाजत राहतं, म्हणजे पाणी, स्विच आणि बॉक्स ठीक आहेत, गॅस पोचत नाही किंवा व्हॉल्व्ह उघडत नाही. सेल बदललेत म्हणता, पण कसे बदललेत ते बघा. दोन्ही एकाच वेळी, एकाच प्रकारचे, नवे हवेत. एक जुना राहिला तर तो दुसऱ्यालाही खाली ओढतो. ‘याच सेलवर भिंतीवरचं घड्याळ चालतं’ हा पुरावा धरू नका. घड्याळाला नखभर वीज पुरते, गॅसचा व्हॉल्व्ह खेचून धरायला बरीच जास्त लागते. सेल जेमतेम असला तर ठिणगी पडते, पण व्हॉल्व्ह उघडत नाही, किंवा उघडून दोन सेकंदांत सुटतो. डब्यातल्या पट्ट्या हिरव्या-पांढऱ्या झाल्या असतील तर सेल काढून पॉलिश पेपरने घासून घ्या. बाथरूमच्या दमटपणाने त्या लवकर खराब होतात.

‘शेगडी तर नीट पेटते, मग गॅस कसा कमी असेल’ असं बहुतेक जण म्हणतात. शेगडीचा एक बर्नर घेतो त्याच्या चार-पाच पट गॅस गिझर एका वेळी ओढतो. सिलिंडर संपत आला असेल आणि हवा गार असेल, तर आतला द्रव तेवढ्या वेगाने गॅस होऊ शकत नाही. शेगडीपुरता निघतो, गिझरला कमी पडतो. सिलिंडरला बाहेरून दव धरलेलं दिसलं तर हेच कारण. सिलिंडर गरम पाण्यात ठेवणं, आडवा करणं, हलवणं यांपैकी काहीही करू नका, भरलेला लावून बघा. नळीला मोड पडलाय का, कॉक पूर्ण उघडा आहे का, नळीवर छापलेली मुदत उलटलीय का, हेही त्याच वेळी बघून टाका. जोडांना साबणाचा फेस लावा, बुडबुडा फुगला तर गळती. काडी पेटवून गळती शोधायची नाही.

टक-टक बराच वेळ वाजून मग मोठ्याने भडका उडत असेल, तर वाट बघू नका. ठिणगी उशिरा पोचते, तोवर आत गॅस साठतो. एक दिवस झाकण उडतं. बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा. गॅसचा वास आलाच, तर कॉक बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि दिव्याचं किंवा पंख्याचं कुठलंही बटण दाबायचं नाही, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो, उंच खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडायला हवं.

पाणी कमी तापतं त्यात काही वेळा बिघाड नसतोच. गिझर पाण्यात ठरावीक अंशांची भर घालतो. टाकीतलं पाणी उन्हाळ्यापेक्षा दहा अंशांनी गार झालं, तर नळाचंही दहा अंशांनीच उतरणार. पाण्याचा ओघ कमी केला की तेवढीच उष्णता कमी पाण्यात जाते आणि पाणी जास्त तापतं. पण ओघ आपोआपच कमी झाला असेल तर गोष्ट वेगळी. १० लिटरची बादली घ्या. मिनिटाला ६ लिटरचा गिझर ती साधारण १०० सेकंदांत भरतो. जाळी धुतल्यावरही दोन-अडीच मिनिटं लागत असतील आणि शेजारचा थंड नळ मात्र जोरात वाहत असेल, तर तांब्याच्या नळ्यांत क्षाराचा थर चढलाय. तापताना आतून चर्रर्र किंवा खदखद ऐकू येते तीही याचीच खूण. क्षाराच्या थराआडून उष्णता पाण्यात नीट जात नाही, नळी भलतीच तापते आणि जादा तापल्यावर गॅस तोडणारा थर्मोस्टॅट गिझर बंद करतो. उघड्या दारातही सातव्या मिनिटाला विझला, तर मला पहिली शंका याची येईल. क्षार लिंबूसत्त्वाच्या पाण्याने किंवा व्हिनेगरने विरघळवून काढतात. तार घालून खरवडू देऊ नका, नळ्या पातळ असतात.

नवा घ्यावा का, असं विचारलंय तुम्ही. पाच वर्षं म्हणजे काही म्हातारपण नाही. बर्नर साफ झाला, डायफ्रॅम बदलला, क्षार काढला, तर हाच बरीच वर्षं चालेल. तांब्याची नळी गळत असेल तरच नव्याचा विचार करा. माझ्या मते पैसा खर्च करायचाच, तर तो जागा बदलण्यात घाला. गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या गॅलरीत किंवा मोकळ्या हवेच्या जागी न्या आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा. हे जमलं की आज मी लिहिलेल्यातली निम्मी काळजी मिटते. बाहेर नेताना वारा थेट ज्योतीवर येणार नाही आणि पाऊस झाकणावर पडणार नाही, एवढं बघा. तिथे मोकळी जागा नसेलच, तर ज्याचा धूर पाइपने थेट बाहेर जातो आणि हवाही बाहेरूनच आत येते, असा बंद पेटीचा गिझर मिळतो का विचारा.

फक्त एक्झॉस्ट पंखा लावून प्रश्न सुटला असं समजू नका. दार-खिडकी बंद ठेवून पंखा लावला, तर तो हवा बाहेर ढकलतो पण आत यायला वाट नसते. गिझरला धुराचा पाइप असेल तर पंखा त्याच पाइपातून धूर उलटा आत ओढू शकतो. पंख्याच्या जोडीला दाराच्या खालच्या बाजूला कायमची उघडी जाळी हवी, आणि ती नंतर कुणी कापडाने बुजवायची नाही. दाराची आतली कडीही सध्या काढून टाका. कार्बन मोनॉक्साइडचा सेलवर चालणारा अलार्म मिळतो, तो बाथरूमच्या दाराबाहेर लावला तर बरं, पण आधी हवा आणि बर्नर.

मेकॅनिकला पुन्हा बोलवाल तेव्हा त्याच्याशी भांडू नका. ग्राहक ‘विझतो’ म्हणून ओरडतो आणि त्याला तेवढंच मिटवायचं असतं. त्याला सासूबाईंचं सांगा, ज्योतीचा रंग सांगा आणि तीन कामं नेमकी मागा : बर्नर उतरवून साफ करणं, नळ्यांतला क्षार काढणं, डायफ्रॅम बदलणं. सेन्सरला हात लावायचा झाला तर तो बदलायचा, काढायचा नाही. काम झाल्यावर झाकण लावायच्या आधी ज्योत निळी झालीय का ते स्वतः बघा.

आणि मला दोन गोष्टी कळवा. दार-खिडकी उघडी ठेवून गिझर किती मिनिटं चालला, आणि खिडकीतून ज्योत कुठल्या रंगाची दिसली. सासूबाईंना डॉक्टर काय म्हणाले तेही लिहा.